वासाचं मेण आणि किसनची हनुवटी

आमच्या घरात कुंकू कुणी लावत नाही. पण एके काळी निम्म्या मावळाच्या कपाळावर जे कुंकू होतं, ते माझ्याच टोपलीतून गेलेलं. मी मण्यारीण. बांगड्या भरायचा धंदा सासूकडून माझ्याकडे आला. घर लोणावळ्यात, आणि फिरती कुसगाव, मळवली, कधी पार उर्शापर्यंत. डोक्यावर टोपली, टोपलीत काचेच्या बांगड्या, आणि त्यांच्या खाली कुंकू, मेण, काजळाच्या डब्या, फण्या, आरसे. बांगड्या यायच्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. त्या कागदांवर बोट फिरवून फिरवून मी वाचायला शिकले. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यामुळे झालं काय, की कुठलीही बातमी मला कधी पुरती वाचायला मिळाली नाही. अर्धी माझ्याकडे, उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या बांगड्यांवर! तेव्हा या लिहिण्यात मधेच कुठं तुटल्यासारखं वाटलं, तर कागद तिथं फाटला होता असं समजा आणि पुढं चला.

परवा माझी नात तोंडाला कसली तरी मलई लावून झोपली आणि सकाळी उठली ती भोपळा होऊन. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी. तिला शब्द कळला म्हणून निम्मं बरं वाटलं. आमच्या वेळी हा शब्द नव्हता, पण भोपळे होते. आम्ही म्हणायचो, "अंगाला सोसत नाही." वस्तू वाईट असतेच असं नाही, माणूसही वाईट नसतो, दोघांचं जमत नाही एवढंच. नवराबायकोसारखं.

लोणावळ्याला एक पेन्शनर रावसाहेब हवापालटाला येऊन राहिले होते. दुसरं लग्न करायचं मनात होतं. मुलीचा बाप भेटायला येणार म्हणून त्यांनी मुंबईहून आणवलेला कलप मिशांना लावला. सकाळी वरचा ओठ असा फुगला, की मिशी नाकाला टेकली. मुलीचा बाप आला तेव्हा रावसाहेब उपरणं तोंडाशी धरून बसले आणि "हं" नि "अंहं" यापलीकडे बोलले नाहीत. बाप घरी जाऊन म्हणाला, माणूस फार विचारी आहे, शब्द वाया घालवत नाही. लग्न जमलं. नंतर त्या बाईला कळलं की रावसाहेबांना ऐकायला माणूस हवं होतं. पण माझ्या बांगड्या भरल्या गेल्या, माझी काही तक्रार नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट किसनच्या हनुवटीची. त्यातली मोठी माणसं आता कुणी राहिली नाहीत, आणि लहान होती त्यांना ऐकून हसूच येईल, म्हणून सांगायला हरकत नाही. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-चार वर्षं धरा.

आधी कुंकवाचं सांगते. आजच्या मुली टिकली चिकटवतात आणि रात्री आरशाला लावून ठेवतात. तेव्हा तसं नव्हतं. करंड्यातलं मेण बोटावर घ्यायचं, कपाळावर त्याचं गोल फिरवायचं, आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. मेण चांगलं तर कुंकू दिवसभर हलत नाही. हे मेण आमची सासू घरी करायची. कातकरी रानातून मधाची पोळी आणायचे, मध ते विकायचे, उरलेलं पोळं आम्हाला द्यायचे. ते उकळायचं, फडक्यातून गाळायचं, खोबरेल घालून मऊ करायचं. वास म्हणाल तर थोडा धुराचा, थोडा मधाचा. त्या मेणानं कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. आता ते पोळंही नाही आणि गाळायला माझे हातही उरले नाहीत. जपून ठेवलेली एक वडी आहे, ती मी दाराच्या बिजागरीला लावते, करकरत नाही.

तर एका वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं वासाचं मेण काढलं. इवलीशी पत्र्याची डबी, झाकणावर गुलाबाचं फूल. आत गुलाबी मेण, त्यात चिकटपणाला राळ, वासाला काहीतरी, आणि आणखी काय काय ते त्यालाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, गुलाब आहे." मला वाटतं, गुलाब झाकणावरच होता. पण बायांनी उड्या टाकल्या. कुसगावात ज्या घरी गेले तिथं एक डबी गेली. आणि खरं सांगायचं तर एकाही बाईच्या कपाळाला त्या मेणानं काही झालं नाही.

कुसगावात ठकूआक्काचं घर म्हणजे खातंपितं. भाताची खाचरं, दावणीला म्हशी. मुलगा किसन लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालायचा. ठकूआक्का तोंडाची फटकळ, पण हात मऊ. तिच्या हातात बांगडी कधी अडकली नाही. तिचा नवरा भिकाआबा गोठ्यात झोपायचा. नवराबायकोचं बोलणं बंद होतं, आणि त्याचं कारण गोंधळ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न झालं की त्यांच्याकडे देवीचा गोंधळ घालतात. गोंधळी येतात, संबळ वाजतो, दिवटी पेटते, देवीची गाणी होतात. तो होईपर्यंत नवरानवरीनं एकत्र राहायचं नाही. किसनचं लग्न झालं, उर्शाची हौसा सून होऊन आली, आणि सासूसासऱ्यांचं जुंपलं. आक्का म्हणायची, गोंधळी माझ्या माहेरचे. आबा म्हणायचा, गोंधळी आमच्या घराण्याचे, पिढ्यान् पिढ्यांचे. आक्का म्हणाली, तुमच्या गोंधळ्याचा आवाज फुटक्या घागरीसारखा. झालं! त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनात. बोलायचं असेल ते बैलाला सांगायचे. बैलाचं नाव सर्ज्या.

"सर्ज्या," आबा गोठ्यातून म्हणायचा, "घरात सांग, भाकर कच्ची हाय."

"सर्ज्या," आक्का चुलीपासून ओरडायची, "म्हनावं, दात पडल्याल्यानं भाकरीला नावं ठिवू न्हाई."

सर्ज्या गरीब. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा.

आणि मधल्या मधे ती दोघं लेकरं अडकलेली. हौसा सासूच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपायची, किसन ओटीवर. पेरण्या झाल्या, लावण्या झाल्या, भात पोटरीला आलं, तरी गोंधळाचं नाव नाही.

अशात किसनची हनुवटी उठली. आधी डाव्या बाजूला लाल चट्टा, मग बारीक बारीक पाण्याचे फोड, मग ते फुटून चिघळलेलं. तिथून ते कानाखाली गेलं, मानेवर उतरलं. बिचारा खाजवू खाजवू बेजार. गावात औषध सांगायला पैसे पडत नाहीत. कुणी म्हणालं चुना लाव, कुणी म्हणालं तंबाखूची राख. एका शहाण्यानं बिब्ब्याचं तेल लावायला सांगितलं, आणि किसननं लावलं! मग तर हनुवटीचं पार वांगं झालं. बंगल्यातल्या एका बाईसाहेबांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, या माणसाच्या हातचं दूध नको. दोन बंगले तुटले.

ठकूआक्काला ते सोसलं नाही. कुणाचं तरी डोकं फोडायला हवं होतं, आणि गावात हनुवटीशी ज्याचा संबंध असा एकच माणूस. नामा न्हावी.

"त्याचाच वस्तरा बाधला," आक्का पाणवठ्यावर म्हणाली. "कुनाकुनाची खरूज खरडतो आन् माज्या पोराच्या तोंडाला पुसतो."

नामा उंबराखाली बसून गावाच्या दाढ्या करायचा. त्याला रोख पैसे नसत. सुगी झाली की प्रत्येक घरानं त्याचं बलुतं, म्हणजे भाताचा वाटा, द्यायचा. त्यावर त्याच्या घरातली सगळी तोंडं वर्षभर जेवायची. आक्काचं बोलणं गावात फिरलं आणि माणसं उंबराकडं जाईनाशी झाली. कुसगावात जो तो दाढी वाढवून फिरायला लागला, गाव आहे का बैराग्यांचा मठ कळेना. दसऱ्याला पंच बसणार आणि नामाचं बलुतं काढून वलवणच्या न्हाव्याला देणार, असं बोलणं सुरू झालं.

मी उंबरावरून निघाले की नामा हाक मारायचा.

"भाबी, बसा घटकाभर. कुनीतरी बसल्यालं दिसू द्या."

"मी बसून काय उपयोग नामाभाऊ? मला दाढी नाही."

"गावात आता तुमालाच तेवढी न्हाई," तो म्हणायचा. हसायचा, पण वस्तरा पुन्हा पुन्हा चामड्यावर घासत राहायचा. कुणाची दाढी करायची नसताना वस्तऱ्याला धार लावणारा माणूस बघवत नाही.

एके दिवशी मी माल आणायला परत लोणावळ्याला निघाले तर आक्का आणि किसन त्याच वाटेनं दवाखान्यात निघालेले. आक्का म्हणाली, "अमिने, चल संगं. डाक्टरचं बोलनं मला निम्मं कळत न्हाई." मी गेले. डॉक्टर म्हातारे, शांत. चष्मा वर करून त्यांनी हनुवटी पाहिली, मान वळवून कानाखाली पाहिलं.

"हे कशाच्या तरी लागण्यानं होतंय," ते म्हणाले. "बाहेरून काहीतरी त्वचेला लागतं, ते याला सोसत नाही. दाढीला काय लावतोस?"

"साबन."

"तो तर सगळीकडं लागतो. हे डाव्या बाजूलाच आहे. या बाजूला काय लागतं?"

किसन पटक्याचं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"उशी? पटका? जनावराचं काही?"

किसननं खाली बघितलं. कान मात्र लाल झाले, आणि तिथं तर पुरळ नव्हतं.

"अवं डाक्टर," आक्का म्हणाली, "त्येच्या हनवटीला दुसरं काय लागंल? वस्तराच की!"

डॉक्टरांनी एकदा किसनकडं पाहिलं, एकदा आक्काकडं, आणि चष्मा खाली घेतला. त्यांना अंदाज आला असावा, पण शहाणा माणूस. म्हणाले, "जे काय लागत असेल ते पंधरा दिवस लागू देऊ नकोस. मग कळेल."

"वस्तरा बंद!" आक्का उठलीच.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. कळलं ते दुसऱ्या फेरीला, हौसाच्या बांगड्या भरताना.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. आणि कुठली बांगडी कशानं वाढते हे मण्यारणीला सांगावं लागत नाही. भांडी घासताना पुढच्या जातात. जात्यावर मागच्या जातात. आणि नवऱ्याच्या मुठीत मनगट सापडलं की दोन्ही हातांच्या मधल्या एकदम जातात. कुणाच्या घरात काय चाललंय ते मी टोपली उतरवता उतरवता ओळखायची आणि तोंड मिटून बसायची. तोंड मिटणं हा या धंद्यातला निम्मा माल.

हौसा समोर बसली. दोन्ही हात पुढं केले. दोन्ही हातांच्या मधल्या बांगड्या गायब.

"कशानं वाढल्या गं?"

"भांडी घासताना."

"बरं," मी म्हटलं.

तेवढ्यात किसन दुधाची चरवी घेऊन दारातून आत आला. हौसा उठून बाजूला झाली. घटकाभर दोघं उंबऱ्यात शेजारी उभी. आणि मी खाली बसल्या बसल्या पाहिलं, तर हौसाचं कपाळ आणि किसनची हनुवटी एका रेघेत! तिच्या कपाळावरचं कुंकू उजव्या अंगाला पुसटलेलं. वाऱ्यावर गुलाबाचा वास. आणि पुरळ तर डाव्या हनुवटीवर, कानाखाली, मानेवर. जिथं जिथं ते कपाळ टेकावं तिथं तिथं.

किसन गेला तशी मी तिचा हात दाबून धरला. "पोरी, गवताचा भारा आणायला दोघं जाता ना?"

हौसा एवढी लाजली, की तोच भारा तिच्या डोक्यावर ठेवलाय असं वाटलं. "मावशी, आक्काला सांगू नगा. मला उर्शाला धाडतील. गोंदळाआधी झालं म्हंजी देवीचा कोप, मंग मला पुन्ना आननार न्हाईत."

"मी कशाला सांगते? पण ते वासाचं मेण बंद कर."

"त्येस्नी वास लय आवडतो," ती हळूच म्हणाली.

"आवडतो तो वास त्यांच्या तोंडावर चढून बसलाय," मी म्हटलं आणि तिच्या करंड्यात सासूच्या हातचं जुनं मेण भरलं. गुलाबाची डबी टोपलीत टाकली. मनात म्हटलं, अमीना, एका डबीत दोन घरं वाचवलीस. हौसाचंही आणि नामाचंही.

कसलं काय! पंधरा दिवसांत किसनची हनुवटी लख्ख झाली. आणि गावानं काय पाहिलं? वस्तरा बंद झाला, खाज गेली! आक्का पाणवठ्यावर गरजली, "बगितलंत? डाक्टर बोलला तस्संच झालं." आधी नामावर संशय होता, आता शिक्कामोर्तब झालं. आणि ते मी माझ्या हातानं केलेलं. खरं बोलावं तर हौसा उर्शाला जाते, गप्प बसावं तर नामा उपाशी मरतो.

उंबराखाली नामा पेटी बांधत होता. म्हणाला, "भाबी, लोनावळ्यात एखांद्या सायबाला न्हावी लागतो का बगा. बायको म्हनती, हितं ऱ्हाऊन लोकांच्या दाढ्या बगत बसन्यापरीस जावं." मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मेण.

विचार करता करता जे सुचलं ते इतकं उलटं होतं, की माझं मलाच हसू आलं. दसऱ्याच्या आधी आठवडाभर मी पुन्हा कुसगावात गेले आणि हौसाला गाठलं.

"हे घे," मी म्हटलं. गुलाबाची डबी.

"आवं, तुमीच न्हेलीवती की!"

"आता मीच देते. लाव. हात आखडू नकोस."

"त्येंचं तोंड सुजंल!"

"सुजू दे. वस्तरा लागलेला नाही, महिन्याची दाढी वाढलेली आहे, आणि तरीही तोंड उठलं, तर नामा सुटला. कळलं का? थोडी खाज सोसली की एका घराची चूल पेटती राहते. किसनला विचार."

विचारलं म्हणे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटली तेव्हा पदर तोंडात घालून हसत होती. "त्ये म्हनले, नामाकाकासाठी मी वाट्टंल ते सोशीन. म्हनले, आनखी जाड लाव." परोपकाराला एवढं तयार झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "पन मावशी," ती म्हणाली, "दाढी लय टोचती."

"तुझाही हातभार लागू दे," मी म्हटलं.

दसऱ्याला देवळासमोर पंच बसले. सगळा गाव. बाया एका बाजूला, मी त्यांच्यात टोपली घेऊन. सगळे पंच दाढीवाले, म्हणजे न्याय द्यायला ऋषीच बसलेत असं वाटावं. पाटलांनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात किसन आला. दाढीतून हनुवटी लाल टमाट्यासारखी वर आलेली, मान सुजलेली, एक डोळा अर्धा मिटलेला. मी हौसाकडं पाहिलं. पोरीनं कामात कसूर केली नव्हती.

सगळे बघतच राहिले. नामा हळूहळू उठला. पेटी बगलेत होतीच.

"मंडळी," तो म्हणाला, "म्हैना झाला, माजा वस्तरा ह्येच्या दाराला गेला न्हाई. ह्येची दाढी बगा, दोरी वळावी येवडी झालीया. मंग माजा वस्तरा काय पाकरू हाय? उडत जातो आन् चावून येतो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. पाटील स्वतःची दाढी खाजवत म्हणाले, "ते खरं हाय. मंग हे कशानं?"

आता सगळ्यांच्या माना ठकूआक्काकडं वळल्या. आक्का हनुवटीकडं बघत बसली होती. कुणी विचारलं असतं, की अमिने, तुला काय वाटतं, तर मी काय सांगितलं असतं, मला आजही ठाऊक नाही.

तेव्हा मागून भिकाआबाचा आवाज आला. सर्ज्या तिथं नव्हता, नाइलाज होता.

"ठके," तो म्हणाला, "देवीचं ऱ्हायलंय."

पुरं वर्ष व्हायला आलं होतं, त्यानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. आक्कानं मान वर केली. डोळ्यांत पाणी.

"व्हय," ती म्हणाली. "आपल्या भांडनापायी पोराच्या तोंडावर आलं. बलवा तुमच्याच गोंदळ्यास्नी. फुटक्या घागरीचा असंल तर असंल आवाज."

"तुज्या म्हायेरचेबी बलवू," आबा म्हणाला. "दोगं मिळून वाजवतील."

गाव थक्क. त्या दिवशी सर्ज्याची नोकरी गेली असं मी मनात म्हटलं.

आणि नामा? पंच म्हणाले, बलुतं जसं होतं तसं. मग म्हणायची देर, सगळे पंच उंबराखाली ओळीनं बसले. नामा सावकाश एकेकाची दाढी करत होता, आणि पाटलांचा एक गाल झाल्यावर पाणी प्यायला म्हणून उठला तो बऱ्याच वेळानं आला. मला हे फार आवडलं.

गोंधळ झाला. दोन्हीकडचे गोंधळी, दोन संबळ, कानठळ्या बसल्या. त्याच दिवशी मी हौसाच्या करंड्यात जुनं मेण घातलं आणि गुलाबाची डबी काढून घेतली. थोड्याच दिवसांत किसनचं तोंड निवळलं, बंगले परत मिळाले, आणि सगळ्यांनी देवीला हात जोडले. मीही जोडले. माझ्या डबीनं काम केलं की तिनं, हे ठरवणारी मी कोण? डबी तिथं कुणी पाठवली होती, तेही मला कुठं ठाऊक आहे?

एकच गडबड झाली. डबी घेऊन मी बाहेर पडत होते तर आक्का दारात.

"अमिने, काय न्हेतीस?"

"काही नाही आक्का. वासाचं मेण. सुनेला नको झालं."

"मंग परत कशाला न्हेतीस? दे हिकडं. वास बरा हाय त्येचा."

आता मी काय कारण सांगणार? ज्या कारणासाठी एवढं सगळं केलं तेच सांगायची बंदी. मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला कशाला वासाचं?" तर म्हणाली, "का? मी काय मेले का?" डबी गेली. मी म्हटलं जाऊ दे. हिच्या कपाळाला काही होणार नाही, आणि नवरा तर गोठ्यात झोपतो.

संक्रांतीच्या आधी पुन्हा कुसगावात गेले. आक्कानं हाक मारली, "ये अमिने, माज्या हातात भर." मी चकित. आक्काच्या बांगड्या वर्षानुवर्षं वाढायच्या नाहीत. मी म्हणायची, तुमच्यासारख्या सगळ्या झाल्या तर आम्ही उपाशी मरू. हात पुढं केले तर दोन्ही हातांच्या मधल्या गायब.

"कशानं वाढल्या आक्का?"

"सर्ज्यानं ढुशी मारली."

"दोन्ही हातांना?"

"तू भर की गुमान!"

मी भरू लागले. तिच्या कपाळावरून गुलाबाचा वास येत होता. ओटीवर भिकाआबा बसला होता आणि नामा त्याची दाढी करायला समोर बसला होता. आबानं तोंडाभोवती फडकं गुंडाळलेलं, थंडी वाजते म्हणून. नामानं फडकं सोडलं आणि वस्तरा हातात तसाच थांबला. डाव्या हनुवटीवर लाल चट्टा, बारीक बारीक फोड. बापाचं अंगही लेकासारखंच, एकाच मुशीतलं. नामानं आबाकडं पाहिलं, मग घरात आक्काच्या कपाळाकडं, मग माझ्याकडं. गवताच्या भाऱ्याची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. पण न्हावी आणि मण्यारीण, दोघांचा धंदा एकच, माणसांच्या जवळ जायचं आणि गप्प बसायचं. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

"भाबी," तो मोठ्यानं म्हणाला, "ह्यो माज्या वस्तऱ्याचा न्हाई, आदीच सांगून ठिवतो. पंच बलवू का?"

आक्काचा हात माझ्या हातात गच्च झाला. मी खाली मान घालून टोपलीतून जुन्या मेणाची वडी काढली आणि हळूच तिच्या करंड्यात सरकवली. गुलाबाची डबी उचलली. या खेपेला तिनं विचारलं नाही, काय नेतेस म्हणून.

ओटीवरून आबाचा आवाज आला.

"सर्ज्या! त्या न्हाव्याला सांग, गप दाढी कर म्हनावं."

सर्ज्यानं गोठ्यातून मान काढून एकदा बाहेर बघितलं आणि परत रवंथ करत बसला. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. गोठ्यात झोपायला आता तो एकटाच तर उरला होता.